जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेना? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

हिशेबाचा असो, साठ्याचा असो की मजकूर जुळवणीचा, वर्षानुवर्षं मुकाट काम करणारा प्रोग्राम कॉम्प्युटर बदलला की रुसतो. मग "अजून हेच वापरता?" हेही ऐकून घ्यावं लागतं. ते मनावर घेऊ नका. ज्या प्रोग्रामची कळ न् कळ बोटांना पाठ आहे, तो सोडायची घाई करायचं काही कारण नाही. अशी दुरुस्ती मी सतत करतो आणि बहुतेक वेळा बिघाड प्रोग्राममध्ये नसतोच. परवानग्या, प्रिंटर, फॉन्ट, नेटवर्क, यातलं काहीतरी त्याच्या पायाखालून सरकलेलं असतं. म्हणून पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका, आधी लक्षण ओळखा.

लक्षणं

• आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही, किंवा ते ६४-बिट विंडोजशी जुळत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. (तपासणी ५)
• अमुक डीएलएल किंवा ओसीएक्स (प्रोग्रामला लागणाऱ्या सुट्या भागांच्या फाइली) सापडत नाही म्हणून प्रोग्राम बंद पडतो. (तपासणी ४)
• प्रोग्राम चालतो, पण मागच्या नोंदी गायब आहेत. किंवा एका लॉगिनला दिसतात, दुसऱ्याला नाही. (तपासणी २)
• काही तारखांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे, पण सगळ्या तारखांत नाही. (तपासणी १)
• मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. (तपासणी १)
• सगळं ठीक, पण प्रिंट निघत नाही. (तपासणी ६)
• दुसऱ्या मशीनवरचा डेटा नेटवर्कवर दिसेनासा झाला. (तपासणी ७)
• डोंगल (लायसन्सची खूण म्हणून कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) लावलेलं असूनही प्रोग्राम ते मागतो. (तपासणी ८)

कशालाही हात लावण्याआधी प्रोग्रामचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. फक्त डेटाच्या फाइली नकोत, अख्खं फोल्डर. जुने प्रोग्राम सेटिंग, इंडेक्स (नोंदींची सूची), मेमो (नोंदींतला लांब मजकूर) असं सगळं शेजारी शेजारी ठेवतात. त्यातली कुठली फाइल महत्त्वाची हे आज कळत नाही, ती हरवल्यावर कळतं. इन्स्टॉलची सीडी अजून वाचता येत असेल तर तिची आयएसओ फाइलही (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत) आजच करून ठेवा. सीडी आणि फ्लॉपी नुसत्या पडून राहूनही खराब होतात.

१. तारीख, घड्याळ आणि भाषा

तारीख कशी लिहायची हे जुने प्रोग्राम स्वतः ठरवत नाहीत, विंडोजच्या रीजन सेटिंगमधून घेतात. नव्या कॉम्प्युटरवर ते अनेकदा अमेरिकी पद्धतीचं, म्हणजे आधी महिना मग दिवस, असं असतं. व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांत यातून फसवा घोटाळा होतो. २५/०३ लिहिलं तर पंचविसावा महिना नसतोच, म्हणून प्रोग्राम आपणहून २५ मार्च समजतो. पण ०५/०३ लिहिलं की ३ मे धरतो आणि चूक दाखवतही नाही. त्यामुळे बारा तारखेपर्यंतच्या नोंदी चुकतात, तेरापासून पुढच्या बरोबर येतात. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच हिशेब जुळत नसेल तर सगळ्यात आधी इथे बघा. सेटिंग बदलायला मिनिटही लागत नाही. चुकीच्या पडलेल्या नोंदी मात्र हातानेच सुधाराव्या लागतात.

प्रोग्रामसोबत जुना कॉम्प्युटरही सांभाळून ठेवला असेल आणि तो चालू करताना दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती बदलणं ही या लेखातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

आता खिचडीबद्दल. युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची आजची प्रमाण पद्धत) येण्याआधीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीची वळणं बसवायचे. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन खुणाच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसेल तर त्या खुणा उघड्या पडतात, इतकंच. मजकूर शाबूत असतो. जुन्या मशीनच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तेच फॉन्ट आणून बसवा. कंपनी तीच असली तरी नाव जरासं वेगळं असलेला फॉन्ट चालत नाही, कारण प्रत्येक मालिकेची मांडणी निराळी होती. फॉन्ट बसवूनही मधली मधली अक्षरं चुकत असतील तर रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये जाऊन, युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांसाठी कोणती भाषा निवडली आहे ते बघा. ती इंग्रजी ठेवा, आणि तिथेच असलेली यूटीएफ-८ ची 'बीटा' खूण काढून टाका. ती खूण असली की जुन्या फॉन्टच्या वरच्या निम्म्या खुणा मोडतात.

अशी फाइल नव्या वर्ड प्रोसेसरमध्ये उघडून सेव्ह करू नका. त्यातलं ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं, सरळ अवतरणचिन्हं वळवतं. रोमन मजकुरात ही किरकोळ बाब, पण इथे प्रत्येक बदलाने एक मराठी अक्षर बदलतं. उघडायचीच असेल तर ऑटोकरेक्ट बंद करून, आणि प्रतीवरच काम करा.

२. नोंदी गायब: व्हर्च्युअलस्टोअर

या एका गोष्टीमुळे लोक जितके घाबरतात तितके दुसऱ्या कशामुळे घाबरत नाहीत, आणि निदान चुकतंही इथेच सर्वाधिक. म्हणून जरा सविस्तर.

विंडोज एक्सपीच्या काळातले प्रोग्राम आपला डेटा बिनधास्त 'प्रोग्राम फाइल्स' मध्येच लिहायचे. २००७ च्या व्हिस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातही प्रोग्रामला खास परवानगीशिवाय तिथे लिहायची मनाई झाली. पण मनाई झाली म्हणून हजारो जुने प्रोग्राम बंद पडू नयेत, यासाठी विंडोज एक चलाखी करतं. जुना ३२-बिट प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज ती फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी कोपऱ्यात ठेवतं आणि प्रोग्रामला सांगतं, लिहिली तुझ्या जागी. हा कोपरा यूजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात, ॲपडेटा, मग लोकल, मग व्हर्च्युअलस्टोअर असा सापडतो. ॲपडेटा लपलेलं असतं, तेव्हा आधी लपलेली फोल्डरं दाखवण्याचा पर्याय चालू करा.

याचे परिणाम लक्षात घ्या. दोघे आपापल्या लॉगिनने काम करत असतील तर दोघांचे हिशेब वेगवेगळे तयार होत राहतात. बॅकअप घेणारा माणूस 'प्रोग्राम फाइल्स' मधलं फोल्डर कॉपी करतो, तिथे महिन्यांपूर्वीचा डेटा असतो. आणि कुणीतरी "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव, सगळं सुटेल" असा सल्ला देतो. तसं केलं की प्रोग्राम खासगी कोपरा सोडून मूळ जागेवर बघतो आणि ताज्या नोंदी एका क्षणात नाहीशा होतात. त्या पुसल्या गेलेल्या नसतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याची खूण काढा, परत दिसतील.

कायमचा उपाय असा. दोन्ही जागांच्या फाइलींची तारीख आणि वेळ बघा, कुठल्या ताज्या आहेत ते ठरवा. मग अख्खा प्रोग्राम सी ड्राइव्हवर थेट त्याच्या नावाच्या फोल्डरात हलवा किंवा तिथे इन्स्टॉल करा, आणि ताज्या फाइली त्यात ठेवा. सी ड्राइव्हवर स्वतः केलेल्या फोल्डरात लिहायला अडकाठी नसते, त्यामुळे चलाखीची गरजच उरत नाही. शॉर्टकटमधला 'स्टार्ट इन' चा रस्ताही नव्या जागेचा करा. तो जुनाच राहिला तर प्रोग्राम डेटा भलतीकडे शोधतो.

मात्र दोन्हीकडे नव्या नोंदी पडल्या असतील तर इथेच थांबा. एकावर एक फाइल चढवली की एका बाजूचं काम कायमचं जातं. दोन डेटाबेस जुळवणं हे डेटाबेस जाणणाऱ्याचं काम आहे.

३. कंपॅटिबिलिटी टॅब

प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. इथे विंडोजची जुनी आवृत्ती निवडली की विंडोज प्रोग्रामला आपण तीच जुनी आवृत्ती असल्याचं सांगतं आणि काही जुन्या सवयींची नक्कल करतं. 'विंडोजची ही आवृत्ती चालणार नाही' असं म्हणत अडून बसणाऱ्या प्रोग्रामांना एवढं पुरतं. भल्यामोठ्या रिकाम्या डिस्कवर 'जागा अपुरी' म्हणणारा सेटअपही बऱ्याचदा विंडोज ९५ किंवा ९८ निवडल्यावर पुढे सरकतो. रिकाम्या जागेचा आकडा त्याच्या गणितात मावत नाही आणि उलटा होतो, हे त्यामागचं कारण. बटणं कापली जात असतील, अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर याच टॅबमध्ये हाय डीपीआय सेटिंग बदला.

सगळ्या खुणा एकदम करू नका. एक बदला, चालवून बघा, मग दुसरी. नाहीतर कशाने चाललं हे पुढच्या कॉम्प्युटरवर आठवत नाही.

४. हरवलेले सुटे भाग

डॉटनेट (प्रोग्राम ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा पाया) २ किंवा ३ वर बांधलेले प्रोग्राम विंडोज १० वर चालायला 'डॉटनेट ३.५' लागतं. ते विंडोज फीचर्सच्या यादीतच असतं, फक्त चालू करायचं. व्हिज्युअल बेसिक ६ चा मुख्य भाग विंडोजमध्ये आजही येतो, पण तक्ते आणि याद्या दाखवणाऱ्या ओसीएक्स फाइली येत नाहीत. त्या जुन्या मशीनवरून किंवा मूळ सीडीवरून घ्या. 'फुकट डीएलएल' देणाऱ्या साइटवरून घेऊ नका. त्या फाइलीसोबत काय येतं याची खात्री कुणीच देत नाही, आणि ती ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने बसवायची असते.

बसवताना एक विचित्र गोष्ट आडवी येते. ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' या फोल्डरात ६४-बिट फाइली असतात आणि ३२-बिट फाइली 'सिसवॉव६४' मध्ये. नावं उलटी वाटतात, पण आहे हे असं. तेव्हा ओसीएक्स सिसवॉव६४ मध्ये ठेवा आणि तिथल्याच रेगएसव्हीआर३२ या आज्ञेने तिची नोंदणी करा. ओडीबीसीचंही (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीचंही) तसंच. जुना प्रोग्राम ३२-बिट जोडणीच बघतो. तुम्ही ती ६४-बिट खिडकीत केली असेल तर त्याच्या लेखी ती नाहीच.

५. किती बिटचा आहे?

६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. सेटिंग कितीही बदला, उपयोग नाही, कारण ते चालवणारा भागच त्यात नाही. ३२-बिट विंडोज १० मध्ये तो होता, पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे ईएक्सई फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडणं. सुरुवातीच्या अगम्य चिन्हांत रोमन लिपीत 'पीई' ही जोडी दिसली तर जुना प्रोग्राम बहुधा ३२-बिट आहे, 'एनई' दिसली तर १६-बिट विंडोजचा. दोन्ही नसतील तर बहुधा डॉसचा, म्हणजे विंडोजआधीच्या प्रणालीचा. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

कित्येकदा प्रोग्राम ३२-बिट असतो आणि फक्त त्याचा सेटअप १६-बिट. अशा वेळी चालत्या मशीनवरचं इन्स्टॉल झालेलं फोल्डर जसंच्या तसं आणून ठेवलं तरी प्रोग्राम सुरू होतो. राहिलेल्या तक्रारी तपासणी ४ ने सुटतात. प्रोग्रामच १६-बिट विंडोजचा असेल तर वाइनव्हीडीएम (winevdm) नावाचं मोफत साधन आहे, ते वापरून बघा.

डॉसच्या प्रोग्रामांसाठी सगळे डॉसबॉक्सचं, म्हणजे विंडोजच्या आत डॉसचं नकली मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रामचं, नाव घेतात. पण तो मुळात खेळांसाठी बनवलेला आहे. रोजच्या नोंदींच्या कामाला मी त्याच जातीचे व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स सुचवतो, कारण छपाईची सोय त्यांत आहे. एकच डेटा दोन मशीनवरून एकाच वेळी उघडून नोंदी करण्याचा प्रयोग यांपैकी कशातही करू नका. आणि 'रनटाइम एरर २००' आला तर घाबरू नका. टर्बो पास्कल या जुन्या भाषेतले प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजतात, आणि वेगवान प्रोसेसरवर ते गणित फुटतं. नकली मशीनचा वेग कमी केला की चालतात.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जुन्या गोष्टींबद्दल दोन ओळी. इंटरनेट एक्सप्लोररशिवाय न चालणारी अंतर्गत पानं मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरच्या आयई मोडमध्ये उघडतात. फ्लॅश जानेवारी २०२१ पासून स्वतःच चालायला नकार देतो, त्याच्या फाइली चालवण्यासाठी रफल हा प्रोग्राम वापरून बघा.

६. प्रिंट निघत नाही

डॉसचा प्रोग्राम एलपीटी१ नावाच्या पोर्टकडे साधा मजकूर पाठवतो. नवा प्रिंटर असतो यूएसबीवर, त्यामुळे पाठवलेलं हवेत जातं. प्रिंटर शेअर करा, त्याला छोटं नाव द्या आणि 'नेट यूज' या आज्ञेने एलपीटी१ त्या नावाला जोडा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर काम फत्ते. पण घरगुती वापराच्या बऱ्याच इंकजेट आणि लेझर प्रिंटरना साधा मजकूर कळतच नाही, त्यांना विंडोजने चित्र करून द्यावं लागतं. तिथे केबल बदलून, ड्रायव्हर बदलून काहीही होणार नाही. तपासणी ५ मधल्या व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्समधून छपाई विंडोजच्या हाती द्या.

७. नेटवर्कवरचा डेटा

एक्सपीच्या मशीनवरचा सामायिक फोल्डर नव्या मशीनवरून दिसत नाही, कारण एक्सपीला नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची एसएमबी१ हीच जुनी पद्धत येते आणि २०१७ च्या अखेरच्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये ती बंद असते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच वाटेने. विंडोज फीचर्समधून ती चालू करता येते. इंटरनेट असलेल्या मशीनवर मी ती चालू करत नाही, तुम्हीही करू नका. उलटं करा. डेटा नव्या मशीनवर आणा आणि एक्सपीला नेटवर्कवरून काढा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आहे. एकटं, नेटशिवाय ते खुशाल चालू द्या.

८. डोंगल आणि ड्रायव्हर

डोंगल नुसतं लावून भागत नाही, त्याला ड्रायव्हर लागतो. ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चढत नाही आणि अधिकृत डिजिटल सहीशिवायचाही चढत नाही. डोंगल बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर मिळाला तर प्रश्न मिटला. न मिळाल्यास लोक सही तपासणं किंवा मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा बंद करायला सुचवतात. एका जुन्या प्रोग्रामसाठी अख्ख्या मशीनचं कुलूप काढणं मला पटत नाही, त्यापेक्षा पुढचा मार्ग बरा. क्रॅक, म्हणजे डोंगल चुकवणाऱ्या फाइली, शोधायला तर जाऊच नका. त्यांच्या आडून व्हायरस येणं नेहमीचं आहे.

९. व्हर्च्युअल मशीन

इतकं करूनही प्रोग्राम चालला नाही तर जुनं विंडोजच नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या डिस्क२व्हीएचडी ने त्याच्या अख्ख्या डिस्कची एक फाइल तयार होते. ती व्हर्च्युअल मशीनला जोडल्यावर निळा पडदा आणि शेवटी ७बी असलेला कोड आला तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क साटाऐवजी आयडीई या जुन्या जोडणीच्या कंट्रोलरवर लावा. एक्सपीकडे साटाचे ड्रायव्हर सहसा नसतात. मशीन विकत घेताना सोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बहुधा त्या मशीनपुरतंच असतं, तेव्हा ते आधी तपासा.

चालू झालं की व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद करा, स्नॅपशॉट (मशीनची त्या घडीची जपलेली अवस्था) घ्या, आणि फाइलींची देवाणघेवाण एकाच शेअर्ड फोल्डरमधून करा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मागच्या स्नॅपशॉटवर गेलात की त्यानंतरच्या नोंदीही जातात.

प्रोग्राम चालता आहे तोवर

कुठल्याही तपासणीने प्रोग्राम उभा राहिला की त्याच दिवशी डेटाची दुसरी, त्या प्रोग्रामशिवाय वाचता येईल अशी प्रत काढा. जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, फक्त त्याच नावाची मेमो फाइल शेजारी असू द्या. जुन्या पेजमेकर, कोरलड्रॉ, वर्डपरफेक्ट फाइलीही लिबरऑफिस बऱ्यापैकी वाचतं, मांडणी मात्र हलते. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा तर त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर हवा. रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, घोळ तिथेच राहतात. जे कशातच उघडत नाही त्याचा निदान पीडीएफ काढून ठेवा. एवढं केलंत की प्रोग्राम हवा तितका काळ वापरा.

कुठे थांबायचं

जुनी डिस्क टक्-टक् आवाज करत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नको, कॉपीचा आणखी एक प्रयत्नही नको. प्रत्येक फेरीने नुकसान वाढू शकतं. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

इंडेक्स बिघडल्याचा संदेश आला तर प्रोग्राममधला 'रीइंडेक्स' पर्याय एकदा वापरून बघा. त्याने भागलं नाही तर इंडेक्सच्या फाइली हाताने पुसू नका. काही प्रकारांत इंडेक्स गेला की तक्ताच उघडत नाही. जाणकाराला बोलवा.

प्रोग्राम एखादं यंत्र चालवत असेल, लेथ, तपासणीचं उपकरण, क्ष-किरण, काहीही, तर तपासणी ५ पासून पुढचं काहीच घरी करू नका. नकली मशीनमध्ये वेळेचं गणित किंचित जरी हललं तरी मोजमाप चुकतं, आणि चुकलेलं मोजमाप पडद्यावर ठीकच दिसतं. यंत्राची देखभाल करणाऱ्यालाच बोलवा. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ झटका देण्याइतका विद्युतभार राहतो.

बोलावलेल्या माणसाला तीन गोष्टी तयार द्या: सुरुवातीला काढलेली फोल्डरची प्रत, चूक दाखवणाऱ्या संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि तुम्ही काय काय बदललं त्याची क्रमवार यादी. त्याने प्रत न काढता फॉरमॅट करू म्हटलं तर दुसरा माणूस बघा.